खारकेची वाट

घरात बाळंतीण असली की किराणामालाची यादी बदलते. काही महिन्यांपूर्वी आमची सून बाळंत झाली आणि सौ.ने माझ्या हातात चिठ्ठी ठेवली : डिंक, अळीव, सुके खोबरे, खसखस, गोडंबी आणि एक किलो खारीक. निवृत्त माणसाला घरात जी थोडीफार कामे विश्वासाने सांगितली जातात त्यांतले हे एक. नेहमीच्या दुकानात गेलो. दुकानदाराने दोन प्रकारच्या खारका पुढे केल्या आणि भाव असा सांगितला की मी चष्मा काढून पुसला. "काका, पाकिस्तानचा माल बंद आहे ना," तो म्हणाला, "आता जे येईल त्यातूनच निवडायचं." मग थोडा आवाज उतरवून त्याने पुस्ती जोडली, "तशी मधली काही वर्षं ती दुबईची म्हणूनच यायची."

दुकानदाराचे हे म्हणणे ऐकीव नव्हते. जून २०२५ मध्ये महसूल गुप्तचर संचालनालयाने आपल्या न्हावा-शेवा बंदरात ३९ कंटेनर अडवले. आत १,११५ टन माल होता, किंमत सुमारे ९ कोटी रुपये. कागदोपत्री तो संयुक्त अरब अमिरातीचा होता; प्रत्यक्षात कराचीहून निघून दुबईत कंटेनर बदलून आला होता, असे संचालनालयाने जाहीर केले. आणि त्या मालात मुख्यतः काय होते? खारीक.

तस्करी म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर सोन्याची बिस्किटे येतात. इथे बाळंतिणीच्या लाडवांत पडणारी, ओटीत हळकुंड-सुपारीशेजारी बसणारी खारीक गुन्हेगार ठरली होती. तिचेच कशाला, उपासाला चालणारे शेंदेलोण घ्या. त्याचे संस्कृत नाव सैंधव, म्हणजे सिंधूकडचे. पाकिस्तानी पंजाबातल्या खेवड्याच्या खाणींतून ते आपल्याकडे येत असे. आषाढी एकादशीच्या साबुदाण्याच्या खिचडीत पाकिस्तानातून आलेले मीठ पडत होते आणि आपल्या धर्माला त्याने काही बाधा आली नव्हती.

मी आयुष्याची छत्तीस वर्षे बँकेत काढली, त्यांतली बरीचशी परकीय चलन विभागात. कादंबऱ्या रात्री लिहिल्या, दिवसा आयात-निर्यातीची कागदपत्रे तपासली. त्यामुळे खारकेची ही बातमी वाचताना मला एक जुने ग्राहक आठवले. मस्जिद बंदरात त्यांची सुक्या मेव्याची पेढी होती. सिंधी गृहस्थ. जन्म खैरपूरचा, जिथली खारीक सर्वांत नामांकित. फाळणीनंतर सात-आठ वर्षांचे असताना आईवडिलांबरोबर कराचीहून बोटीने मुंबईला आले आणि उल्हासनगरच्या छावणीत वाढले. आम्ही त्यांना शेठजी म्हणत असू. मराठी छान बोलत, फक्त चिडले की हिंदीवर जात.

१९९७ च्या दिवाळीआधीची गोष्ट. शेठजींचा खारकेचा माल बंदरात येऊन पडला होता आणि कागद माझ्या टेबलावर होते. पतपत्रात म्हटले होते की माल कराचीहून थेट मुंबईला यावा. बिल ऑफ लेडिंग सांगत होते की माल दुबईत उतरवून दुसऱ्या जहाजावर चढवला. आता मेख अशी होती की पाकिस्तानशी होणारे पैशांचे व्यवहार आशियाई समाशोधन संघामार्फत होत. हा संघ १९७४ साली स्थापन झाला, त्याचे मुख्यालय तेहरानला. भारत आणि पाकिस्तान दोघेही त्याचे संस्थापक सदस्य. दुबईचा मात्र त्याच्याशी संबंध नाही. मग हा व्यवहार पाकिस्तानचा धरायचा की दुबईचा? आज वाटते, मालाचे उगमस्थान स्पष्ट लिहिलेले होते, मी सही करून मोकळे व्हायला हवे होते. मी केले नाही. वरिष्ठांकडे विचारणा पाठवली. उत्तर यायला नऊ दिवस लागले आणि तोवर माल गोदीत डेमरेज खात पडला. शेठजींची दिवाळी गेली.

ते भांडायला आले नाहीत. समोर बसले, चहा घेतला आणि म्हणाले, "साहेब, मी लहानपणी कराचीहून बोटीत बसलो आणि सरळ मुंबईला उतरलो. माझी खारीक मात्र दुबई बघून येते. ती माझ्यापेक्षा शिकलेली आहे." मी खाली मान घालून कागद चाळत राहिलो.

मुंबई ते कराची समुद्रमार्गे सुमारे पाचशे सागरी मैल. कोचीपेक्षा कराची आपल्याला जवळ. दुबईमार्गे गेले तर हेच अंतर तिपटीहून जास्त होते. कोणताही शहाणा व्यापारी असा वळसा का घेईल? हा प्रश्न तेव्हापासून माझ्या डोक्यात आहे, आणि त्याचे उत्तर शोधणारे एक शास्त्रच आहे हे मला बऱ्याच उशिरा, निवृत्तीनंतरच्या वाचनात कळले.

यान टिंबर्गेन नावाचे एक डच गृहस्थ होते. मुळात पदार्थविज्ञानाचे विद्यार्थी, पुढे अर्थशास्त्राकडे वळले. १९६९ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक पहिल्यांदाच दिले गेले, ते त्यांना आणि नॉर्वेच्या रॅग्नर फ्रिश यांना विभागून. १९६२ मध्ये टिंबर्गेननी एक साधे सूत्र मांडले. दोन ग्रहांमधले आकर्षण जसे त्यांच्या वस्तुमानावर आणि अंतरावर ठरते, तसा दोन देशांमधला व्यापार त्यांच्या अर्थव्यवस्थांच्या आकारावर आणि त्यांच्यामधल्या अंतरावर ठरतो. दोघे मोठे असतील तर व्यापार मोठा. अंतर वाढले की व्यापार घटतो. म्हणून त्याला गुरुत्वाकर्षणाचे प्रारूप म्हणतात.

ऐकायला हे शाळकरी वाटते. पण गंमत अशी की ते चालते. डिस्डिए आणि हेड या दोन अभ्यासकांनी २००८ मध्ये शंभराहून अधिक शोधनिबंधांतले सुमारे दीड हजार अंदाज एकत्र करून पाहिले. सरासरी अशी निघाली की अंतर दुप्पट झाले की व्यापार जवळजवळ निम्मा होतो. विमाने आली, कंटेनर आले, फॅक्स आणि मग इंटरनेट आले, तरी अंतराचा हा जाच कमी झालेला दिसत नाही.

आकार आणि अंतर मांडून झाले की अभ्यासक त्यात एकेक गुणविशेष घालत जातात. सीमा लागून आहे का? भाषा एक आहे का? पूर्वी एकाच साम्राज्यात होते का? चलन एक आहे का? व्यापार करार आहे का? प्रत्येकाला हो किंवा नाही, एक किंवा शून्य. शेकडो देशांच्या जोड्या आणि कित्येक वर्षांचे आकडे घेऊन गणित केले की प्रत्येक 'हो'ची किंमत किती, हे कळते. देशाचा स्वभाव आणि सरकारचे धोरण यांना तराजूत घालण्याची ही रीत.

यातला सर्वांत धक्कादायक निष्कर्ष १९९५ साली जॉन मॅक्कलम या कॅनेडियन अर्थतज्ज्ञाने काढला. अमेरिका आणि कॅनडा यांच्यातली सीमा म्हणजे जगातल्या सर्वांत निरुपद्रवी सीमांपैकी एक. भाषा बहुतांशी एक, राहणी एक, भांडण नाही. तरीही १९८८ च्या आकड्यांवरून असे दिसले की कॅनडाचे प्रांत आपसांत जेवढा व्यापार करतात तो, तितक्याच आकाराच्या आणि तितक्याच अंतरावरच्या अमेरिकी राज्यांशी होणाऱ्या व्यापाराच्या बावीस पट आहे. नुसती एक रेषा, आणि बावीस पट!

पुढे २००३ मध्ये अँडरसन आणि व्हान विन्कूप यांनी दाखवून दिले की हा बावीसचा आकडा फुगलेला आहे. त्यांचा मुद्दा आपल्याकडच्या कोणत्याही गृहिणीला पटेल. गावात वाण्याचे एकच दुकान असेल तर लोक दोन मैल चालूनही तिथेच जातात. तेच दुकान शहराच्या पेठेत असेल तर दोन मैल कोणी जात नाही. म्हणजे दोघांमधले अंतर पाहून भागत नाही, बाकी सगळ्यांपासूनचे अंतरही पाहावे लागते. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड एकमेकांशी भरपूर व्यापार करतात याचे एक कारण ते दोघेही इतर जगापासून लांब आहेत. हा हिशेब धरला की सीमेचा भार पुष्कळ उतरतो. पण शून्य होत नाही. सलोख्याच्या सीमेचीसुद्धा किंमत पडतेच.

आता सलोखा नसलेल्या सीमेकडे येऊ. टिंबर्गेनच्या सूत्रात भारत आणि पाकिस्तान घाला. अर्थव्यवस्था दोन्ही मोठ्या. अमृतसर आणि लाहोर यांच्यात पन्नास किलोमीटरच्या आसपास अंतर, म्हणजे आपल्या दादरहून कल्याण. सीमा लागून, हो. समजणारी भाषा, हो. एकाच साम्राज्याचा वारसा, एकाच धर्तीचे कायदे, एकच रेल्वे, एकेकाळी एकच चलन. हो, हो आणि हो. परीक्षेतले सगळे प्रश्न बरोबर. सूत्र सांगेल की हे दोघे एकमेकांचे पहिल्या काही ग्राहकांपैकी असणार.

आणि ते होतेही. १९४८-४९ मध्ये पाकिस्तानच्या निर्यातीपैकी निम्म्याहून अधिक माल भारतात येत होता आणि त्याच्या आयातीपैकी जवळपास एकतृतीयांश भारतातून जात होती. लक्षात घ्या, फाळणीचा रक्तपात आणि काश्मीरमधली लढाई होऊन गेल्यानंतरचे हे आकडे आहेत. माणसे तुटली होती, पण व्यापार अजून तुटला नव्हता.

तो तोडला कोणी? याचे उत्तर आमच्या खात्यातले आहे, म्हणून जरा रेंगाळतो. सप्टेंबर १९४९ मध्ये ब्रिटनने पौंडाचे अवमूल्यन केले, साडेतीस टक्क्यांनी. भारताने पाठोपाठ रुपया तेवढाच उतरवला. पाकिस्तानने नकार दिला. एका रात्रीत पाकिस्तानचे शंभर रुपये भारताच्या एकशे चव्वेचाळीस रुपयांइतके झाले. भारताने हा दर मानायचे नाकारले. त्या काळी तागाची स्थिती अशी होती की पीक मुख्यतः पूर्व बंगालमध्ये आणि गिरण्या जवळजवळ सगळ्या कलकत्त्याच्या आसपास, हुगळीकाठी. पाकिस्तानकडे एकही ताग गिरणी नव्हती. दर ठरेना म्हणून ताग येईना, आणि आपण कोळसा देईना. शेतकऱ्याच्या अंगणात ताग पडून, हुगळीकाठच्या गिरण्या कच्च्या मालाविना अडलेल्या. फेब्रुवारी १९५१ मध्ये भारताने तो दर मान्य केला आणि व्यवहार पुन्हा सुरू झाले. पण दीड वर्षात जे व्हायचे ते झाले होते. पाकिस्तानने नारायणगंजला आदमजी ताग गिरणी उभी केली, पुढे ती जगातली सर्वांत मोठी म्हणून गाजली. आपण पश्चिम बंगाल, आसाम, बिहारमध्ये तागाची लागवड वाढवली. म्हणजे दोघांनीही भरपूर पैसा ओतून एकमेकांची गरज संपवली. पाकिस्तानने अखेर १९५५ मध्ये आपला रुपया उतरवलाच. तोवर जुने गिऱ्हाईक परत येण्याची वेळ निघून गेली होती.

सूत्रात न दिसणारी गोष्ट हीच. व्यापार एकदा थांबला की तो जिथे थांबला तिथून पुढे सुरू होत नाही. मधल्या काळात माणसे दुसरी सोय लावून घेतात आणि त्या सोयीचेही हितसंबंध तयार होतात.

पुढचा इतिहास भराभर सांगतो. १९६५ च्या युद्धाने व्यापार पूर्ण थांबला, तो १९७४ च्या कराराने पुन्हा उघडला. जहाजवाहतुकीच्या १९७५ च्या करारात अट अशी की माल फक्त या दोन देशांच्या झेंड्याच्या जहाजांतूनच जावा. ही अट २००६ मध्ये सैल झाली. शेठजींच्या खारकेने दुबई का पाहिली, त्याचे एक कारण मला हा करार वाचल्यावर कळले. १९९६ मध्ये भारताने पाकिस्तानला 'सर्वाधिक पसंतीचा देश' हा दर्जा दिला. या नावाने पुष्कळ गैरसमज झाले आहेत. त्यात पसंती वगैरे काही नसते. इतरांना जो आयात कर लावता तोच यांना लावा, एवढाच त्याचा अर्थ. पाकिस्तानने तसा दर्जा भारताला कधीच दिला नाही. २०१२ मध्ये त्यांनी १,२०९ वस्तूंची बंदी यादी काढली, म्हणजे बाकीच्या खुल्या केल्या, पण वाघ्याच्या रस्त्याने फक्त १३७ वस्तू येऊ दिल्या. समोर रस्ता आहे, फाटक आहे, अटारीला त्याच वर्षी भलेमोठे नवे तपासणी केंद्र बांधले आहे, आणि बाकीच्या मालाने मात्र त्या रस्त्याने जायचे नाही.

मग १४ फेब्रुवारी २०१९ चा पुलवामाचा हल्ला. दोन दिवसांत भारताने तो दर्जा काढून घेतला आणि पाकिस्तानी मालावर २०० टक्के कर बसवला. २०१८-१९ मध्ये पाकिस्तानातून आपली आयात ४९.५ कोटी डॉलरच्या घरात होती, पुढच्या वर्षी ती १.४ कोटींवर आली. ऑगस्टमध्ये, काश्मीरच्या प्रश्नावरून, पाकिस्तानने भारताशी व्यापार थांबवला आणि महिना उलटायच्या आत औषधांना त्यातून सूट द्यावी लागली. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामला पर्यटकांची हत्या झाली, अटारीचे फाटक बंद झाले आणि २ मे रोजी भारताने पाकिस्तानी मालाची थेट आणि आडवळणाची दोन्ही प्रकारची आयात बंद केली. न्हावा-शेवाच्या त्या ३९ कंटेनरांवर बोट पडले ते या 'आडवळणाच्या' शब्दामुळे.

आता मुख्य प्रश्न. या सगळ्याची किंमत किती? जागतिक बँकेने २०१८ मध्ये दक्षिण आशियाच्या व्यापारावर एक अहवाल काढला. त्यात गुरुत्वाकर्षणाचे गणित करून म्हटले होते की भारत-पाकिस्तान व्यापार दोन अब्ज डॉलरच्या आसपास आहे, तो ३७ अब्ज होऊ शकतो. शेजारच्या दक्षिण आशियाई देशाशी व्यापार करण्यापेक्षा ब्राझीलशी करणे भारतीय कंपनीला सुमारे वीस टक्के स्वस्त पडते, हेही त्याच अभ्यासातले. दक्षिण आशियातल्या देशांचा आपसांतला व्यापार त्यांच्या एकूण व्यापाराच्या जेमतेम पाच टक्के. पूर्व आशियात हेच प्रमाण पन्नासच्या आसपास.

३७ अब्ज हा आकडा त्यानंतर प्रत्येक परिसंवादात फिरला. मला त्याच्याबद्दल बँकेच्या माणसाची शंका आहे, ती सांगतो.

बँकेत सस्पेन्स खाते नावाचा एक प्रकार असतो. ज्या नोंदीचा उलगडा होत नाही ती तात्पुरती तिथे टाकायची. संध्याकाळी ताळा जुळतो, सगळे घरी जातात. हिशेब तपासनीस आला की पहिल्यांदा तेच खाते उघडतो, कारण सगळी गडबड तिथे दडलेली असते. गुरुत्वाकर्षणाच्या गणितात प्रत्यक्ष व्यापार आणि अपेक्षित व्यापार यांतला जो फरक उरतो तो असाच सस्पेन्समध्ये पडतो आणि मग म्हणतात, हा धोरणाचा परिणाम. तो सगळा धोरणाचा असेलच असे नाही. काही भाग असा की दोन्ही देश बऱ्याच बाबतींत सारखेच पिकवतात आणि सारखेच विणतात. काही भाग मोजमापाचा.

दुसरी शंका कर्ज खात्यातली. ज्याला कर्जाची फारशी गरज नाही त्याला बँक आनंदाने कर्ज देते आणि मग म्हणते, पाहा, आमचे कर्जदार किती यशस्वी! व्यापार करारांचे तसेच. ज्यांच्यात व्यापार आधीच चांगला आहे तेच करार करतात. मग श्रेय कराराला द्यायचे का? बायर आणि बर्गस्ट्रँड यांनी २००७ मध्ये ही अडचण दूर करून हिशेब केला, तर करारानंतर दहा वर्षांत दोन देशांचा आपसांतला व्यापार साधारण दुप्पट होतो असे निघाले. म्हणजे धोरणाला बळ आहे. पण दुप्पट वेगळे आणि दोनाचे सदतीस वेगळे.

तिसरी गोष्ट दुबईची. दोन अब्ज हा आकडा जकात खात्याच्या वह्यांतला. दिल्लीच्या इक्रिएर संस्थेतल्या निशा तनेजा यांनी सहकाऱ्यांबरोबर अनौपचारिक व्यापाराचा अंदाज घेतला, तो २०१२-१३ साठी ४.७ अब्ज डॉलर निघाला. म्हणजे वह्यांत दिसणाऱ्या व्यापाराच्या जवळपास दुप्पट व्यापार वह्यांबाहेर होता आणि त्याचा मोठा भाग दुबईमार्गे. भारत आणि अमिरातीचा व्यापार २०२४-२५ मध्ये शंभर अब्ज डॉलरपर्यंत पोचला. तेल, सोने, आपली तिथे राबणारी माणसे, २०२२ चा करार ही त्याची मोठी कारणे आहेत. जुना ऋणानुबंधही आहे. १९६६ पर्यंत आखातातल्या बाजारांत रुपया चालत असे, रिझर्व्ह बँक त्यांच्यासाठी वेगळ्या नोटा छापत असे. पण दुबईच्या भरभराटीत एक लहानसा वाटा आपल्या दोघांच्या भांडणाचाही आहे. दोन भाऊ बोलत नाहीत आणि निरोप्याला प्रत्येक निरोपाचे पैसे मिळतात, तसा.

शंका सांगून झाल्या, तरी फरक उरतोच. सदतीसचे निम्मे करा, त्याचेही निम्मे करा, तरी तो प्रत्यक्ष व्यापाराच्या चौपट राहतो. आणि तो पैसा कोणाचा, हे पाहिले तर चित्र बदलते. मोठा उद्योगपती दुबईला कचेरी उघडतो. अटारीचा हमाल, ट्रकवाला, ढाबेवाला तसे करू शकत नाही. पलीकडे खैरपूरचा बागाईतदार, ज्याच्या खारकेचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक भारत होते, तोही नाही.

इथे काही वाचक रागावतील, आणि त्यांचा राग मी समजू शकतो. मुंबईकर म्हणून २६ नोव्हेंबर २००८ ची रात्र मी विसरलेलो नाही. कसाब आणि त्याचे साथीदार कराचीहून समुद्राच्या त्याच वाटेने आले होते, ज्या वाटेने शेठजींची खारीक थेट येऊ शकली नव्हती. पहलगामनंतर व्यापार चालू ठेवा असे सांगायची माझी छाती नाही आणि तसे माझे मतही नाही. देशाला काही गोष्टी पैशापेक्षा मोठ्या मानाव्या लागतात. माझे म्हणणे एवढेच की किंमत मोजायची तर ती मोजून मोजावी. २०० टक्के कराने कोणाचे किती नुकसान झाले, पलीकडच्या लष्कराचे की बागाईतदाराचे, अलीकडच्या तस्कराचे की गिऱ्हाइकाचे, याचा हिशेब संसदेत कोणी मागितल्याचे मला आठवत नाही. कर बसवल्यापासून बंदी येईपर्यंत सहा वर्षे गेली. तेवढ्या काळात खारकेवर लेबल लावण्याचा एक धंदा उभा राहिला, हे मात्र न्हावा-शेवाला दिसले.

आणि धोरणाने तुटणारा व्यापार काही शत्रूशीच असतो असे नाही. बांगलादेश हे नाशिकच्या कांद्याचे मोठे गिऱ्हाईक. आपण २९ सप्टेंबर २०१९ ला कांद्याची निर्यात एका आदेशाने बंद केली. चार-पाच दिवसांनी बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत आल्या होत्या. त्यांनी व्यासपीठावरून हसत हसत हिंदीत सांगितले की मी स्वयंपाक्याला जेवणातला कांदा बंद करायला सांगितले आहे, आधी कळवले असते तर दुसरीकडून सोय केली असती. सभागृह हसले. लासलगावात कोणी हसले नाही. सप्टेंबर २०२० मध्ये पुन्हा बंदी, डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा. प्रत्येक वेळी कारण एकच, शहरातले भाव. ढाक्याचा व्यापारी दरम्यान तुर्कस्तान, इजिप्त, चीन आणि हो, पाकिस्तानचा कांदा घ्यायला शिकला. सीमा लागून, 'हो', भाषा पश्चिम बंगालशी एक, 'हो', मैत्री, 'हो'. पण उद्या माल मिळेल का, याला शून्य. सूत्रात विश्वासाचा रकाना घालण्याचे प्रयत्न अभ्यासक करतात. आमच्या धंद्यात त्याला पत म्हणतात, आणि ती एकदा गेली की व्याजदर वाढतो, एवढे कारकुनालाही ठाऊक असते.

ताग आठवतो तो इथे. त्याही वेळी दीड वर्षच व्यवहार थांबला होता.

खारीक घ्यायला मी शेवटी मस्जिद बंदरलाच गेलो. शेठजी २०१४ मध्ये गेले. २०१९ चा कर त्यांना पाहावा लागला नाही. पेढी मुलगा चालवतो, पन्नाशीचा आहे. त्याने मला ओळखले आणि बसायला गादी दिली. माल कुठून आणता, म्हणून विचारले. म्हणाला, "काका, आखातातून जे येतं ते. कच्छमधूनही मागवून बघितली. तिकडे खारेक छान होते, पण पिकते तेव्हाच पाऊस येतो. मग लोक ताजीच विकून टाकतात, सुकवायला उरते किती?" त्या पावसामुळेच खैरपूरला पर्याय सापडत नाही, हे मला त्याच्या तोंडून पहिल्यांदा कळले. गेल्या वर्षीच्या धाडीनंतर बंदरात प्रत्येक पोत्याची कसून तपासणी होते आणि त्यात दिवस जातात, असेही तो सांगत होता. मी नऊ दिवस आठवून गप्प बसलो.

निघताना त्याने पोत्यातून एक खारीक काढून दिली. "बाबूजी नुसती तोंडात टाकून सांगायचे, खैरपूरची आहे की नाही," तो म्हणाला. मी चावून पाहिली. मला काही ओळखता आले नाही. किलोभर घेतली, पैसे दिले, आणि पावतीवर देशाचे नाव काय लिहिले आहे ते चष्मा लावून वाचत स्टेशनकडे निघालो.